दोन दिवस जुन्नरला जाताय? मुक्काम कुठे करायचा आणि जेवायचं कुठे, हे असं ठरवा

मोबाइलवर ‘जुन्नर हॉटेल’ एवढं टाकून शोधलंत, की भलीमोठी यादी समोर येते. पहिल्या नावाला फोन लावून ‘रूम मिळेल का?’ विचारलं, तर पलीकडून उत्तर येतं, ‘आमच्याकडे फक्त जेवणाची सोय आहे.’ दुसऱ्याकडे खोल्या असतात, पण तिथून शिवनेरी गाठायला तास लागतो. तिसऱ्याचे फोटो झकास असतात, पण रस्ता कसा आहे ते कुणीच सांगत नाही.

जुन्नर तालुक्यात राहायला आणि खायला जागा कमी नाहीत. अडचण अशी की त्या दूरदूर पसरलेल्या आहेत आणि प्रत्येकीचा उपयोग वेगळा आहे. तालुक्याच्या पश्चिमेला नाणेघाट आणि माळशेजचे डोंगर, मध्ये जुन्नर शहर, शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर. पूर्वेकडून पुणे-नाशिक महामार्ग जातो आणि त्यावर नारायणगाव, पिंपळवंडी, आळेफाटा ही गावं लागतात. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. आता शेतघरं, रिसॉर्ट, होम स्टे असं सगळंच इथे सापडतं.

म्हणूनच ‘जुन्नरमधली टॉप टेन हॉटेलं’ अशी यादी इथे देत नाही. आचारी बदलतो, मालक बदलतो आणि यादी शिळी होते. त्यापेक्षा चांगली जागा स्वतः कशी शोधायची, ते पाहू.

आधी पाट्या वाचायला शिका

शहरातून येणारे अनेकजण इथेच चुकतात. गावाकडे ‘हॉटेल’ म्हणजे खाण्याची जागा. चहा, वडा, मिसळ मिळणाऱ्या पत्र्याच्या शेडलाही हॉटेलच म्हणतात. झोपायची सोय हवी असेल तर ‘लॉज’, ‘लॉजिंग-बोर्डिंग’, ‘भक्तनिवास’, ‘रिसॉर्ट’ किंवा ‘कृषी पर्यटन केंद्र’ हे शब्द शोधा.

‘खानावळ’ म्हणजे ठरलेलं ताट. पर्याय कमी, पण जेवण घरच्यासारखं. ‘परमिट रूम’ लिहिलं असेल तर तिथे दारू मिळते. लहान मुलं, आजी-आजोबा सोबत असतील तर ‘फॅमिली रूम’ किंवा ‘फॅमिली गार्डन’ वेगळं आहे का, ते आधी विचारा. ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी असेल तर स्वयंपाकघरात अंडंही नसावं, अशी अपेक्षा असते. ‘व्हेज-नॉनव्हेज’ असेल आणि घरात कुणी कडक शाकाहारी असेल, तर भांडी वेगळी आहेत का, हे विचारण्यात संकोच करू नका. इथल्या हॉटेलवाल्यांना हा प्रश्न नवा नाही.

आधी सकाळ ठरवा, मग खोली

बहुतेक जण आधी खोली बुक करतात आणि मग फिरायचं कुठे ते ठरवतात. हे उलटं करा. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तुम्हाला कुठे असायचंय? त्या ठिकाणाच्या जवळ रात्र काढा.

शिवनेरी चढायचा असेल, तर जुन्नर शहर. गडावर जाणाऱ्या मुख्य वाटेवर सात दरवाजे आहेत आणि उन्हं तापायच्या आत चढलेलं बरं. शहरात साधे लॉज मिळतात, रात्री जेवायला बाजारपेठेत सोय होते आणि सकाळी गडाचा पायथा गाडीने काही मिनिटांवर असतो.

अष्टविनायकासाठी आला असाल, तर ओझर किंवा लेण्याद्री. दोन्ही देवस्थानांची भक्तनिवासं आहेत. खोल्या साध्या असतात, पण कुटुंबाला परवडतात आणि पहाटेच्या दर्शनाला सोयीच्या पडतात. लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं मंदिर बौद्ध लेण्यांपैकी एका लेण्यात आहे आणि तिथवर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल, तर ओझरला मुक्काम करा. विघ्नेश्वराचं मंदिर कुकडी नदीच्या काठी सपाटीवर आहे.

सगळं थोडं थोडं पाहायचं असेल, तर नारायणगाव ते आळेफाटा हा पट्टा. पुण्याहून नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर. तिथून जुन्नर शहर १५ किलोमीटरच्या आसपास आणि ओझर त्याहून जवळ. पिंपळवंडी या पट्ट्याच्या मधोमध आहे. एका बाजूला नारायणगाव, दुसऱ्या बाजूला आळेफाटा, आणि दोन्हीकडे गाडीने पाव तासाच्या आसपास पोचता येतं. गाव महामार्गाला धरून असलं, तरी थोडं आत वळलं की ऊस, टोमॅटो आणि द्राक्षांचं रान सुरू होतं. रात्री शांत झोप आणि दिवसा चारही दिशांना फिरणं, असं हवं असेल तर हा भाग सोयीचा. मात्र खोली घेताना महामार्गापासून ती किती आत आहे, ते विचारा. अगदी रस्त्यावरच्या लॉजमध्ये रात्रभर ट्रकचे हॉर्न ऐकावे लागतात.

पावसाळ्यात ढग आणि धबधबे बघायचे असतील, तर माळशेज. घाटमाथ्यावर एमटीडीसीचं पर्यटक निवास आहे. मुंबई-कल्याणकडून येणाऱ्यांना मुरबाडवरून हाच रस्ता आहे, त्यामुळे त्यांनी पहिली रात्र इथे आणि दुसऱ्या दिवशी ओतूरवरून जुन्नर, असं केलं तर उलटसुलट प्रवास वाचतो. पावसाळ्यात प्रशासन धबधबे आणि घाटाच्या परिसरात बंदी आदेश काढतं. निघायच्या आदल्या दिवशी त्याची बातमी जरूर पाहा.

शेतावर राहायचं असेल तर हे विचारा

महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्यानुसार शेतकऱ्याला आपलं केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदवता येतं आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं. जुन्नर तालुक्यात, विशेषतः आळेफाट्याजवळच्या राजुरीसारख्या गावांत, ही पद्धत चांगली रुजली आहे. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच ठेवा: ‘तुमची कृषी पर्यटनाची नोंदणी आहे का?’ नोंदणी नाही म्हणजे जागा वाईटच, असं नाही. पण आहे म्हटल्यावर तुम्हाला विश्वास ठेवायला एक आधार मिळतो.

पुढचे प्रश्न असे विचारा. संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे की बाहेर? रात्री लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का? जेवण भाड्यात धरलंय की वेगळं? चूल कोण सांभाळतं, घरची माणसं की ठेका दिलेला आहे? शेवटचे दोन किलोमीटर रस्ता कसा आहे आणि पावसात छोटी गाडी जाईल का?

आणि एक प्रश्न इथे विसरून चालणार नाही: आवाराला कुंपण आहे का, आणि रात्री उजेड किती असतो?

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात आणि इथल्या उसाच्या रानात बिबटे राहतात. त्यांच्यासाठी माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्रही आहे. या भागात माणसांवर हल्ले झाले आहेत, त्यात लहान मुलं दगावली आहेत. गावातली माणसं अंधार पडायच्या आत जनावरं गोठ्यात घेतात, मुलांना एकटं सोडत नाहीत, रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि सोबत घेतात. पाहुण्यांनीही तेच पाळायचं. शेकोटी अंगणात, उसाच्या बांधावर नाही. अंधारात फोटो काढायला शेतात शिरायचं नाही. बाहेर झोपायची हौस असेल तर ती दुसऱ्या ठिकाणी भागवा. बिबट्या दिसलाच, तर पाठलाग किंवा व्हिडिओ न करता यजमानाला सांगा. वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे.

चांगला यजमान या प्रश्नावर चिडत नाही. उलट रात्री काय करायचं आणि काय नाही, हे तो स्वतःच समजावतो. ‘काही नाही हो, बिनधास्त या’ असं उडवाउडवीचं उत्तर आलं, तर दुसरी जागा बघितलेली बरी.

पैसे भरताना

देवस्थानाच्या भक्तनिवासाच्या आणि रिसॉर्टच्या नावाने खोटी पानं बनवून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार राज्यभर आणि देशभर झाले आहेत. त्यांची रीत बहुधा सारखीच असते. शोधात वर एक मोबाइल नंबर दिसतो, समोरचा गोड बोलतो, ‘आता फक्त दोनच खोल्या उरल्यात’ म्हणतो आणि क्यूआर कोड पाठवतो.

सोपा उपाय म्हणजे नंबर दोन वेगवेगळ्या ठिकाणी जुळवून बघा. पैसे देवस्थानाच्या किंवा संस्थेच्या नावाच्या खात्यात जातायत की एखाद्या व्यक्तीच्या, ते पैसे पाठवायच्या आधी पडद्यावर दिसतं, ते वाचा. छोट्या शेतघराचं खातं मालकाच्या नावावर असू शकतं, पण मोठ्या देवस्थानाचं असणार नाही. शंका असेल तर व्हिडिओ कॉलवर जागा दाखवायला सांगा. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त.

बिलाचं गणितही माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी तो १२ टक्के होता. जीएसटी लावला असेल तर बिलावर नोंदणी क्रमांक असायला हवा. हॉटेलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप जोडला असेल तर तो द्यायचं तुमच्यावर बंधन नाही. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

खाण्याच्या बाबतीत स्पेनकडून एक गोष्ट शिका

स्पेनमधल्या शहरांत संध्याकाळी लोक ‘तापास’ खायला बाहेर पडतात. तापास म्हणजे पेयासोबत खायची छोटी डिश. गंमत अशी की ही माणसं एकाच ठिकाणी बसून पोट भरत नाहीत. एका बारमध्ये उभ्या उभ्या एक पदार्थ खायचा, गप्पा मारायच्या, मग पुढच्या बारमध्ये तिथला पदार्थ. कारण प्रत्येक बारची एक खासियत असते. एकाकडचं बटाट्याचं ऑम्लेट चांगलं, दुसऱ्याकडची कोळंबी. गावातल्या माणसाला कुठे काय खायचं ते पाठ असतं. पर्यटक मात्र मोठं मेन्यू कार्ड आणि फोटो लावलेल्या हॉटेलात बसतो आणि तिथे सगळंच बेताचं मिळतं.

जुन्नर-नारायणगावात हाच नियम लागू पडतो. शंभर पदार्थांचं कार्ड असलेल्या हायवेवरच्या हॉटेलात पंजाबी भाजी आणि चायनीजही मिळेल, पण ते तुम्हाला घराजवळही मिळतं. इथे प्रत्येक ठिकाणी एक पदार्थ खा आणि तो त्याच्या वेळेला खा.

सकाळी मिसळ. नारायणगाव परिसरात मिसळीची पक्की सवय आहे. चांगल्या ठिकाणी रस्सा सकाळी ताजा होतो आणि दुपारपर्यंत संपतो. चार वाजता मिसळ मिळत असेल तर तो रस्सा सकाळपासून उकळतोय, एवढं समजा.

दुपारी ताट. पिठलं, ठेचा, बाजरीची भाकरी, हंगामी भाजी. हे खानावळीत किंवा शेतावरच्या मुक्कामात मागा.

चारच्या सुमाराला एसटी स्टँडजवळ किंवा बाजारपेठेत भजी, वडा, चहा. तळण डोळ्यासमोर चालू असलेली गाडी निवडा.

रात्री मटण-भाकरी किंवा गावरान कोंबडी, खात असाल तर. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण या दिवसांत बरीच घरं मांसाहार करत नाहीत, त्यामुळे ताजं मिळेलच असं नाही. शेतावर उतरणार असाल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

मासवडी: नावात मास, ताटात शाकाहार

जुन्नर-आंबेगावला येऊन मासवडी न खाता परत गेलात, तर काहीतरी राहूनच गेलं. नावावरून फसू नका, यात मासा नाही. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन घोटून शिजवतात. ते गरम पीठ ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण, खसखस, कोथिंबीर यांचं सारण पसरायचं आणि फडक्याच्या मदतीनेच घडी घालायची. तयार होणारा लांबट, माशासारखा आकार पाहून हे नाव पडलं. मग त्याच्या वड्या कापतात आणि सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी.

हा पदार्थ घाईत होत नाही. पीठ गरम असतानाच थापावं लागतं, नाहीतर वडीला चिरा पडतात. म्हणून शेतावरच्या किंवा घरगुती ठिकाणी सकाळीच सांगा. हॉटेलात खाणार असाल तर वडीची कड बघा. ताजी वडी मऊ आणि ओलसर असते. कड सुकून कडक झाली असेल तर ती बऱ्याच वेळापूर्वीची आहे.

चांगलं हॉटेल ओळखायच्या खुणा

पहिली खूण गिऱ्हाइकांची. दारात फक्त बाहेरगावच्या गाड्या आहेत की गावातल्या मोटारसायकलीही? शेतकरी, व्यापारी, शाळेतले मास्तर जिथे रोज जेवतात, तिथे पदार्थ बिघडला तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळतं. वाटसरू गिऱ्हाईक पुन्हा येईलच असं नसतं, त्यामुळे नुसत्या वाटसरूंवर चालणाऱ्या हॉटेलला ती भीती नसते.

दुसरी, फळा. आजचे चार पदार्थ खडूने लिहिलेले असतील तर ते आजच केलेले असण्याची शक्यता जास्त.

तिसरी, परवाना. अन्न परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे.

चौथी, पाणी आणि हात धुवायची जागा. जेवणाआधी बेसिनकडे एक चक्कर मारा. तिथे स्वच्छता असेल तर आत स्वयंपाकघरातही असण्याची आशा धरता येते.

आणखी एक गोष्ट. नारायणगावला आता बाह्यवळण झालंय, त्यामुळे महामार्गावरची गाडी गावात न शिरताच पुढे जाते. जुनी, गावच्या गिऱ्हाइकावर टिकलेली हॉटेलं मात्र गावातच आहेत. दहा मिनिटं जास्त जातील, पण गावात वळा.

ऑनलाइन रेटिंगचं काय?

चार-साडेचार तारे बघून थांबू नका. कमी तारे देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा. ‘मेन्यूत पर्याय कमी’ ही तक्रार असेल तर ती खरंतर चांगली बातमी आहे. ‘पाणी नव्हतं’, ‘खोली फोटोसारखी नव्हती’, ‘आगाऊ पैसे परत दिले नाहीत’ या तक्रारी दोन-तीन जणांनी केल्या असतील तर मात्र सावध व्हा. गेल्या दोन-तीन महिन्यांतलं लिखाण आणि गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो बघा. मालकाने टाकलेले फोटो उद्घाटनाच्या दिवसाचे असू शकतात.

आणि सगळ्यात भरवशाचा सल्ला फुकट मिळतो. पेट्रोल पंपावर, रिक्षा स्टँडवर, किराणा दुकानात विचारा. पण ‘चांगलं हॉटेल कुठलं?’ असं विचारू नका, कारण समोरचा तुम्हाला शहरातले समजून सगळ्यात महागडं नाव सांगेल. त्याऐवजी विचारा, ‘तुम्ही स्वतः मिसळ कुठे खाता?’ उत्तर वेगळं येईल.

दोन दिवसांचा साधा बेत

पहिला दिवस: सकाळी नारायणगावात मिसळ, मग ओझर. दुपारी मुक्कामाच्या ठिकाणी, समजा पिंपळवंडी किंवा राजुरीच्या बाजूला, जेवण आणि शेतफेरी. जानेवारी ते एप्रिल द्राक्षं, मे-जूनमध्ये जुन्नरचा हापूस. अंधाराच्या आत खोलीवर, रात्री सांगून ठेवलेली मासवडी.

दुसरा दिवस: पहाटे निघून शिवनेरी, उतरल्यावर जुन्नरच्या बाजारपेठेत नाश्ता, मग लेण्याद्री. पायात बळ आणि हातात वेळ असेल तर नाणेघाट. सातवाहन काळातला शिलालेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण तिथे आहे. जुन्नरहून तासाभराची वाट धरा. त्या रस्त्यावर खाण्याची सोय तुरळक, म्हणून डबा आणि पाणी सोबत ठेवा.

विज्ञानाची आवड असणाऱ्यांसाठी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. एरवी आधी परवानगी लागते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांसाठी खुली असते.

या दिवशी खोली मिळणं अवघड

१९ फेब्रुवारीची शिवजयंती, संकष्टी आणि विशेषतः अंगारकी, माघी आणि भाद्रपदातली गणेश चतुर्थी, ओझरला कार्तिकी पौर्णिमा आणि जुलै-ऑगस्टमधले शनिवार-रविवार. या दिवसांत खोली आधी पक्की केल्याशिवाय निघू नका. मधल्या वारी रजा मिळत असेल तर भाडं कमी पडतं, गडावर गर्दी नसते आणि हॉटेलवालाही दोन शब्द निवांत बोलतो. मिसळ कुठली खायची, हे त्यालाच विचारून घ्या.